व्यवसाय : इतर

शिरगणतीच्या ड्यूटीवर, शाळा सुटल्यावर,
दिवाडीच्या खालच्या वाड्यावर एकोणचाळिसावं घर.
कुंपणावर वाळत टाकलेलं जाळं, बाकावर बोस्त्यांव फुर्ताद.
वय एकसष्ट.
बायको आतून म्हणाली, त्रेसष्ट.

काम काय करता?
"हांव दार उगडटां, दार धांपतां."

मला वाटलं हॉटेलात. पणजीला तशी मुलं असतात,
फेटा बांधून काचेच्या दाराशी.
मी लिहायला घेतलं तर तो हसला.
"नदीचं, टीचर. नदीचं दार."

मग बांधावरून घेऊन गेला मला.
उजवीकडे मांडवी, डावीकडे कोरगुटाची शेतं,
मधे चार पावलं रुंद माती, तेवढीच.
मातीत दगडी चौकट, चौकटीत ऐनाच्या लाकडाच्या झडपा,
शेवाळानं हिरव्याकाळ्या.
याला मानस म्हणतात.
चौथीच्या फळ्यावर मी हा शब्द वेगळ्याच अर्थानं लिहिते,
वाक्यात उपयोगही करायला सांगते.

भरती आली की पाणीच दार लोटून घेतं,
ओहोटीला पाणीच उघडतं.
"मग तुम्ही?"
त्यानं जरा विचार केला.
"मी बघतो."

काय बघतो, हे सांगायला अर्धा तास गेला.
सोडण अडकतं. ओंडका अडकतो.
एकदा प्लास्टिकची खुर्ची आली, कुठल्याशा पार्टीतली,
एक पाय झडपेत आणि बाकीची नदीत,
कोणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी.
बोटभर फट राहिली तरी सकाळी शेतभर खार.
कुर्ल्या बांध पोखरतात. भोक दिसत नाही,
तळपायाला गार लागतं आधी.
म्हणून तो बांधावर चप्पल घालत नाही.
मी माझ्या सँडलकडे पाहिलं.

कामाची वेळ? अर्जात चार चौकोन होते.
"आज पावणेदोन. उद्या अडीच. परवा सव्वातीन."
दुपारी?
"रातचे. दुपारचे वेगळे. दोनदा येते ती."
रजा?
अष्टमीला पाणी आळसावतं, तेव्हा थोडी झोप.
पुनवेला, अवसेला नाही.
तिन्ही मुलींची लग्नं त्यानं अष्टमी धरून केली,
इगर्जीतले पाद्री वैतागले होते म्हणे.

एकच रात्र चुकली.
पासकोलाला बांबोळीला नेलं, त्या रात्री.
इस्पितळाच्या बाकावर त्यानं घड्याळ पाहिलं, दोन चाळीस.
पुतण्याला सांगून ठेवलं होतं.
पुतण्या गेलाही होता,
मोबाइलच्या उजेडात उभ्याउभ्या पाहून परत आला.
सहा शेतं. तीन पावसाळे लागले मीठ धुवायला.
"लोक काय म्हणाले?"
"त्या दिवशी सगळ्यांना माझं पूर्ण नाव ठाऊक होतं.
बापाचं धरून."

शेतकरी म्हणावं तर शेत त्याचं नाही.
मच्छीमार म्हणावं, तर मानशीतल्या मासळीचा हक्क
लिलावात दुसऱ्यानं घेतलाय.
जाळंही त्याचंच, हा फक्त वाळवतो.
नोकर म्हणावं तर पगार कोणी द्यायचा
यावर दोन बैठका झाल्यात, तिसरी व्हायचीय.
मी लिहिलं : इतर.
त्यानं अंगठा नाही, सही केली. सावकाश.
पासकोलानं कोकम सरबत दिलं, त्यात मीठ जास्त होतं.

भरतीची रेघ त्यानं जाता जाता दाखवली होती,
मानशीच्या दगडावर, माझ्या खांद्याच्या जरा वर.
रात्री भाड्याच्या खोलीत उभं राहून मी हात धरून पाहिला.
खाट खाली. शेगडी खाली.
सासूबाईंचा फोटो खाली,
एकोणचाळीस घरांचे अर्ज, टेबलासकट खाली.

पावणेदोनला जाग आली.
आली म्हणजे, गजर लावला होता.
काहीच झालं नाही.
कुणाचंसं कुत्रं एकदा भुंकलं.
लांब बांधावर एक बॅटरी,
खाली वाकलेली,
बराच वेळ तशीच.